मधली मूठ

आमच्या चक्कीवरचा एक रिवाज आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एकीचं दळण संपलं की लगेच दुसरीचं वर ओततात. पण दगडांत आधीचीचं थोडं पीठ राहतंच, आणि ते नंतरचीच्या डब्यात येतं. हे कोणत्याही चक्कीवर होतं, त्याला इलाज नाही. म्हणून चणाडाळीनंतर कोणाला आपले गहू टाकायला नको असतात, बाजरीनंतर नको असतात, आणि उपासाच्या दिवसांत तर बायका यावरून कमरेला पदर खोचतात. अशा वेळी आम्ही मधात मूठभर गहू टाकतो. ते आधीचं पीठ ढकलून बाहेर काढतात, ते पीठ वेगळं काढून ठेवायचं, आणि मग पुढचं दळण. त्याला आमच्याकडे मधली मूठ म्हणतात.

चक्की सासऱ्यांनी टाकलेली, नागपुरात इंदोरा आणि जरीपटक्याच्या मधल्या एका गल्लीत. सासरे गेले, नवरा नोकरीत, म्हणून ती माझ्या गळ्यात आली. मी मूळची कुहीकडची. मोटरीच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज चढलेलाच राहतो, आणि लोकांना वाटतं मी भांडून राहिली आहे. बहुतेक वेळा खरंच भांडत असते, ते वेगळं. गल्लीत आम्ही बौद्धांची घरं जास्त, बाकी तेली, कुणबी, एक-दोन छत्तीसगढी. दळण मात्र सगळ्यांचं इथंच.

तर एक सिंधी हिंदू बाई पाकिस्तानातून आमच्या गल्लीत राहायला आली, तेव्हाची गोष्ट. सिंधमधल्या कुठल्याशा गावची. नवरा, ती आणि एक चार-पाच वर्षांची पोट्टी. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जरीपटक्यात सगळे सिंधीच, तिथं काहून नाही राहिले, असं मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली तिथलं भाडं झेपत नव्हतं. पहिल्यांदा ती डबा घेऊन चक्कीवर आली तेव्हा डोक्यावरून ओढणी घेतलेली, डबा एका हातात, पोट्टीचा हात दुसऱ्या हातात. रांगेत गुपचूप शेवटी उभी राहिली. तिचं दळण झालं, ती गेली, आणि पुढची बाई माझ्या कानाशी आली.

"अवं, तिच्यानंतर माह्यं असंच नको टाकू. मधात मूठ टाक."

"काहून? तिचेबी गहूच होते."

"होते. पण टाक ना वं तू."

मी म्हटलं असेल एखादीचा वेडेपणा. पण दुसरीनं सांगितलं, मग तिसरीनं. ती गेली की मूठ. आता गल्लीत अर्ध्याअधिक घरांत रविवारी मटण शिजतं, त्यामुळे खाण्यापिण्याचं सोवळं म्हणावं तर तेही नाही. नुसतं ती तिकडली, एवढंच. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथं नावडतीचं पीठच नको झालं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला कारण आहे. माझ्या आजीचं दळण गावच्या चक्कीवर सगळ्यांच्या शेवटी लागायचं. आजोबा छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेले, घरातले देव त्यांनी नदीत सोडले, पण आजीचा डबा त्यानंतरही कितीतरी वर्षं शेवटीच राहिला. हे मी घरात ऐकत वाढले. आणि मूठ मागणाऱ्यांत माझी सख्खी चुलत नणंद होती. तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुह्या आजीचा डबा कुठं राहायचा, विसरली काय वं?"

ती शांतपणे म्हणाली, "ते येगळं होतं."

त्या 'येगळं'पुढं माझं काही चाललं नाही. मी एवढंच जाहीर केलं की गव्हानंतर गहू असेल तर माझ्या चक्कीची मूठ मिळणार नाही, ज्यांना हवी त्यांनी आपापल्या घरून आणावी. वाटलं, लाजतील. तर दोघी-तिघी खरंच प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर गहू बांधून आणू लागल्या. काय बोलणार आता, कपाळ माझं. मी ती मूठ टाकायची आणि मोटरीपेक्षा मोठ्यानं पुटपुटायची.

तिला हे समजत होतं का, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. पुढं आमचं जमलं. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले, तर तिनं माझ्यासमोर भाजलेला पापड ठेवला आणि पाण्याचा गिलास. नुसता पापड. आपल्याकडं पापड म्हणजे ताटाच्या कडेला. मला वाटलं, बिचारीच्या घरात दुसरं काहीच नसेल, आणि मी घरी जाऊन एका डब्यात पोहे भरून घेऊन आले. तिनं ते पोहे पाहिले आणि तिचा चेहरा पडला. नंतर तिच्या पोट्टीनंच मला सांगितलं की त्यांच्यात पाहुण्याला पापड-पाणी देणं हाच मान. मी मान घेऊन वर भीक घालून आले होते. पण त्यावरून आम्ही पुढं इतकं हसलो की मैत्री तिथूनच झाली म्हटलं तरी चालेल. ती मला दीदी म्हणे, मी तिला भाभी. मूठ तिला पहिल्या महिन्यापासून माहीत होती, हे एकदा पापड लाटताना ती सहज बोलून गेली.

तिचा नवरा सीताबर्डीत फुटपाथवर बनियन-मोजे विकायचा. अधूनमधून त्याला कागद घेऊन पोलिसांच्या ऑफिसात जावं लागे, इथं राहायची मुदत वाढवून घ्यायला. शहराबाहेर जायचं तर विचारून. माझ्या भाच्याच्या लग्नाला मी तिला कुहीला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "पूछना पड़ेगा, दीदी." मी म्हटलं, अवं, इथून एक बस, संध्याकाळी परत. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी नाहीच आली. लग्नात मी जेवले, पण सारखं मनात येत होतं की एक बाई मुलाबाळांची माय झाली तरी हळदीला जायला साहेबाला विचारते. मला स्वस्थ बसवत नव्हतं.

असं करता करता पोट्टी मोठी झाली. आमच्या गल्लीतल्या पोरांहून अस्सल नागपुरी बोलायची. "मावशी, मले लवकर दळून द्या ना, कॉलेजले उशीर होऊन राहिला." तिचा जन्म तिकडचा हे ती बोलली असती तर कोणाला खरं वाटलं नसतं. आणि एका दुपारी ती धापा टाकत चक्कीवर आली. डबा नव्हता हातात.

"मावशी, आम्ही इंडियन झालो."

मी म्हटलं, "तू तं कधीचीच नागपूरची हायेस वं." मोटर बंद करून मी तिच्या घरी गेले. तिची आई पलंगावर बसली होती, तो कागद मांडीवर, आणि तिला रडावं की हसावं हे ठरत नव्हतं. नवरा सारखा पाणी पीत होता. संध्याकाळी तिनं गल्लीत घरोघर पेढे वाटले.

कागदानं काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक स्वतः कधी अशा कागदावाचून राहिलेले नसतात. पोलिसांच्या ऑफिसाची वारी बंद झाली. नवऱ्यानं एक लहानसं दुकान स्वतःच्या नावानं घेतलं. दारावर कोणी जोरात थाप मारली की ती आधी दचकायची, ते कमी झालं. मतदानाला ती माझ्यासोबत आली, नवी साडी नेसून. आणि पेढे वाटले त्याच आठवड्यात एक बाई, जिनं तिचा पेढा खाऊन तिला मिठी मारली होती, ती माझ्यापुढं प्लास्टिकची पिशवी ठेवून म्हणाली, "मधात टाक." तिला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. पेढा तोंडात आणि मूठ हातात. मी दळण तर केलं, पण त्या दिवशी कोणाशी सरळ बोलले नाही.

मग स्थळ आलं. म्हणजे पोट्टीनंच आणलं म्हणा. कॉम्प्युटरच्या क्लासमधला मुलगा, जरीपटक्यातलं जुनं सिंधी घर, कपड्याचं दुकान. दोघांचं पक्कं होतं. मुलाच्या आईनं मात्र रीतीप्रमाणे चौकशी करायची ठरवली, आणि चौकशी करायची तर चक्कीसारखी जागा नाही. एके सकाळी एक गोरीपान, जाडजूड बाई स्कूटीवरून उतरली, डबा नाही की पिशवी नाही, आणि बाकावर बसली. मुलगी कशी, स्वभाव कसा, हे विचारून झालं. मी इतकी तारीफ केली की मलाच खोटं वाटावं. मग तिनं आवाज खाली आणला.

"बुरा मत मानना बहनजी, पर लोग इनके यहाँ आते-जाते हैं ना?"

मी म्हटलं, सगळी गल्ली येते-जाते. रांगेत मूठवाली एक उभी होती, तिच्याकडं मी असं पाहिलं की तीही मान डोलवून म्हणाली, "हो बाप्पा, चांगली माणसं हायेत." त्या क्षणी मला तिच्यावरचा सगळा राग विसरावासा वाटला.

संध्याकाळी भाभीच्या घरी बैठक झाली. मी होते, कारण तिच्या बाजूनं बोलायला नातेवाईक कोणीच नव्हतं इथं. मुलाच्या आईनं सगळं पसंत केलं. देणंघेणं काही नाही म्हणाली. फक्त एक गोष्ट. नातेवाइकांत सांगायचं की ही माणसं गोंदियाची. गोंदियातही पुष्कळ सिंधी आहेत, कोणाला शंका यायची नाही. तिकडचं नाव निघालं की लोक गोष्टी करतात, आणि तिच्या घरात अजून एक मुलगी लग्नाची आहे.

मला राहवलं नाही. "तुमचे सासरे कुठून आले होते?"

"वो बात अलग है," ती म्हणाली. "वो तो बँटवारे में आए थे. हम लोग पुराने हैं."

बघा, दुसऱ्या भाषेतसुद्धा शब्द तोच. तिच्या घरच्यांनी निर्वासितांच्या छावणीत दिवस काढले होते, हे तिनंच सकाळी मला कौतुकानं सांगितलं होतं. मी तोंड उघडणार तोवर भाभी म्हणाली, "ठीक है." इतक्या लवकर म्हणाली की मुलाच्या आईनंसुद्धा दचकून वर पाहिलं.

पाहुणी गेल्यावर मी तिला झापलं. म्हटलं, या कागदासाठी तुम्ही एवढे झुरलात, आता तो हातात आहे तर लपून काहून राहायचं? चोरी केली काय? ती भांडी आवरत होती. आवरता आवरता थांबली.

"दीदी, आप बोलके चक्की चालू कर दोगे. मेरी लड़की घर में बैठी रही तो?"

एवढ्या वर्षांत ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. मला राग आला, आणि तो तिचा की माझा हे मला आजही सांगता येत नाही. कारण तिचंही खरंच होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी पोट्टीकडं वळले. म्हटलं, तू बोल, तुझं लग्न आहे.

ती खिडकीशी बसून नखं खुडत होती. "मले तो पसंत हाये, मावशी," ती म्हणाली. "त्याले समदं माहीत हाये, त्याले काही फरक नाही पडत. गावाचं नावच घ्यायचं हाये ना, घेऊ गोंदियाचं. त्यात काय मोठं."

त्यात काय मोठं. मी घरी आले, पण जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, लोकांच्या लग्नात तुझी बीपी काहून वाढते. मी त्याच्यावरही ओरडले.

साखरपुडा त्यांच्याच घरी झाला, त्या दोन खोल्यांत. आमच्या गल्लीतल्या बायका झाडून आल्या, हे कबूल करायला हवं. मूठवाल्याही आल्या, नटूनथटून, आणि त्यांनी पुऱ्या तळल्या, पाणी भरलं, मुलाकडच्यांची सरबराई केली. मला वाटलं, बायांनो, तुम्हाला समजणं माझ्या बापाच्यानं होणार नाही. सकाळी मी लवकर गेले होते तेव्हा फोनवर भाभीची आई होती, तिकडून. व्हिडिओवर म्हातारी पोट्टीचा घागरा पाहत होती, फोन इतका जवळ धरलेला की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसत होता. ती काय म्हणत होती ते मला समजलं नाही, पण पोट्टी फोनसमोर गोल गोल फिरून दाखवत होती. भाभी जुना पासपोर्ट देऊन बसली तेव्हापासून तिला आईकडं जायला त्या देशाचा व्हिसा लागणार होता, आणि तो मिळण्याची आशा तिनं सोडून दिली होती. म्हणून जे होतं ते फोनवरच.

अंगठ्या झाल्या. मुलाची एक मोठी काकू होती, पांढरी साडी, डोळे तीक्ष्ण. ती भाभीच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं हिंदीत विचारलं, "माहेर कुठलं?"

"गोंदिया," भाभी म्हणाली.

"गोंदिया? माझी बहीण तिथंच दिलीय. कोणाच्या घरची तू? आई-वडील कुठं राहतात?"

मी समोरच ताट घेऊन उभी होते. पोट्टी नवऱ्यामुलाशेजारी पाटावर होती, तिनं मान वर केली. मुलाची आई पापडाची रास उगीच सरळ करू लागली. एक नाव खोटं सांगितलं तर त्या बहिणीला फोन जाणार, हे तिच्याही लक्षात आलं आणि माझ्याही.

"आता तिथं कोणी राहिलं नाही," ती म्हणाली. "वडील गेले. आईपण गेली."

काकू हळहळली. तिनं भाभीच्या हातावर हात ठेवला आणि अशा दिवशी आईची आठवण येणारच, असं काहीतरी म्हणाली. प्रश्न तिथंच संपले. पोट्टीनं मान खाली घातली. मी ताट तसंच ठेवून आतल्या खोलीत गेले, पाठोपाठ भाभी आली. मला वाटलं आता ही रडेल. ती गॅसपाशी उभी राहिली, चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"पापड भाजा, दीदी," ती म्हणाली. "लोक थांबले आहेत."

लग्न झालं. चांगलं झालं, मुलगा खरंच चांगला आहे, हे मी त्याच्या तोंडावरही सांगते. पोट्टी जरीपटक्यात गेली. तिथं दाराशी चक्की आहे, तरी ती दळणाच्या निमित्तानं स्कूटीवर डबा ठेवून माझ्याकडं येते. सासू वाईट नाही म्हणते. एकदा मात्र सांगत होती की नानीचा फोन आला की गच्चीवर जावं लागतं, कारण नानी ओरडून बोलते, आणि घरात ती मोठी काकू असली तर कोणाशी बोलते म्हणून विचारेल. हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण मी ते बोलले नाही, तिचं नवं घर होतं.

मग मागच्या महिन्यात ती आली, भर दुपारी. चक्कीवर कोणी नव्हतं, फक्त सकाळी ठेवून गेलेले डबे होते, आणि मी ते एकामागून एक दळत होते. तिनं डबा खाली ठेवला. उचलून पाहते तर जेमतेम तळाशी गहू. मी म्हटलं, एवढ्यासाठी उन्हात काहून आली? ती बाकावर बसली.

"नानी गेली, मावशी."

"केव्हा?"

"सकाळी. मम्मीचा फोन आला. म्हणे गल्लीत कोणाले सांगू नको, गोष्ट सासरी पोचेल."

म्हणजे भाभी गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी बसली होती, आणि आमच्या गल्लीतल्या बायका, ज्या कोणाच्याही मयतीला सगळ्यात आधी धावतात, भांडण असलं तरी धावतात, त्यांना खबरच नव्हती. त्या आल्या असत्या. मूठवाल्यासुद्धा आल्या असत्या, याची मला खात्री आहे. पण त्यांनी यावं कसं? मला असं झालं की आत्ताच्या आत्ता रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगावं.

"तू माहेरी जा," मी म्हटलं. "आईजवळ बस."

"काय सांगून बसू? दळणाचं सांगून निघाली. परवाच तं राहून आली. घरी मोठ्या काकू बसल्या हायेत." तिचे डोळे कोरडे होते. "त्यांच्यासाठी नानी माह्या साखरपुड्याच्या आधीच मेली. मग आज कोण मेलं म्हणून रडू, मावशी?"

वरचं दळण संपत आलं होतं, मी मोटर बंद करायला हात वर केला. तिनं माझं मनगट धरलं.

"बंद नका करू," ती म्हणाली. "आवाज राहू द्या."

मी पुढचं दळण वर ओतलं. चक्की पुन्हा भरल्या आवाजात चालू लागली, आणि मग ती रडली.